बिगुलाचा नारळ

कमलाकांतकाकांना ताटावर बसवणं हे वत्सलाकाकींच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं, आणि यंदाच्या पावसाळ्यात तर ते जवळजवळ अशक्य झालं होतं. भाकरीचा तुकडा मोडला की काका उठायचे, दारापर्यंत जायचे, गल्लीत कोणी तरुण पोरगा दिसतोय का ते बघायचे आणि परत येऊन दुसरा तुकडा मोडायचे. बसले तरी बोटं स्वस्थ नाहीत, ताटाच्या काठावर ड्रम चाललेला. तोवर कालवण निवून जायचं.

"एकदा तरी बूड टेका," काकी म्हणाल्या. "पोरं काय पळून चालली नाय."

"पळूनच चाललीत," काका म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे गेले.

दुखणं जुनं होतं. दांडी गावातल्या खालच्या आळीचं बिगूल पथक कमलाकांतकाकांनी उभं केलेलं. तरुणपणी ते पालघरला होमगार्डमध्ये होते, तिथे बिगूल शिकले आणि गावात येऊन त्यांनी आळीतल्या पोरांना शिकवला. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ देवळातून निघाला की सगळ्यात पुढे पथक. निळ्या टोप्या, पांढरे शर्ट, चार बिगूल, तीन ड्रम, झांजा आणि गोमाबाबांच्या गळ्यात मोठा ढोल. फरक एवढाच पडला होता की ज्या पोरांना काकांनी शिकवलं तीच पोरं अजून पथकात होती, फक्त आता ती आजोबा झाली होती. एकाचे दात गेले होते, आणि दात गेल्यावर बिगूल नुसती फुंकणी होते. दुसऱ्याला ड्रमच्या आवाजानं चक्कर यायची. गोमाबाबा तर आळीचे सर्वांत वडीलधारे, रीतीभातीचा निवाडा करणारे पंच. त्यांच्या गळ्यातून ढोल काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती.

मग गेल्या वर्षी व्हायचं ते झालं. अर्ध्या वाटेत गोमाबाबा ढोलासकट एका ओट्यावर बसले आणि म्हणाले, जरा दम खातो. त्यांचा दम खाऊन होईतो मिरवणूक जागच्या जागी उभी. किनाऱ्यावर पोचले तर ओहोटी लागून समुद्र कुठच्या कुठे मागे गेला होता. समुद्राला नारळ द्यायचा तर आधी समुद्र हवा. शेवटी चिखलात गुडघाभर रुतत जाऊन मानाचा नारळ एका डबक्यात सोडून यावा लागला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्या हंगामात ज्याच्या जाळ्यात मासा कमी आला त्यानं त्या डबक्याचंच नाव घेतलं.

कुंदन हा कमलाकांतकाकांचा सख्खा पुतण्या. दोन बोटींचा नाखवा, म्हणजे मालक, शिवाय उत्सव समितीचा अध्यक्ष. त्यानं यंदा जूनमध्येच घरी येऊन काकांना सांगितलं की, पथकात तरुण पोरं दिसली तर पथक पुढे. नाही दिसली तर बोईसरहून डीजेची गाडी येईल. तिला दात लागत नाहीत आणि तिला दमही लागत नाही. तो हे चहा पिता पिता अगदी गोड बोलला. काकांना मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. डीजेच्या मागून चालायचं, तेही आपणच बसवलेल्या मिरवणुकीत, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. आपण मेल्यावर पथक मोडलं तर मोडलं, पण आपल्या डोळ्यांदेखत मोडू नये एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून ते पोरं जमवायला निघाले. पालघरला कॉलेजच्या फाटकावर उभं राहून त्यांनी बिगूल वाजवून दाखवला. पोरांनी गोल करून त्यांचा व्हिडिओ काढला, टाळ्या वाजवल्या आणि ती आपापल्या क्लासला निघून गेली. उमरोळीला गेले तर तिथली पोरं टर्फ क्रिकेटच्या सामन्यात गुंतलेली. त्यांनी काकांना प्रत्येक चौकारानंतर वाजवायला बसवून घेतलं आणि सामना संपल्यावर वडापाव दिला. बोईसरला कंपनीतून सुटणाऱ्या पोरांना थांबवलं, तर एकानं हिंदीतून विचारलं की चाचा, परमनंट है क्या? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की साल में एक दिन. तो पोरगा हात जोडून निघून गेला.

आळीतली पोरं तेवढी घरची. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणजे पोरांना काम नव्हतं. काकांनी हाक मारली की ती यायची. टोपी घालून बिगुलाबरोबर फोटो काढायची. मग खरोखर फुंकायची वेळ आली की ओठ सुजायचे, कानशिलं दुखायची, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात काका एकटेच. हितेश हा त्यातला म्होरक्या, कुंदनच्याच बोटीवरचा खलाशी. तो तर तोंडावर सांगायचा, "आजोबा, हे फुंकण्यापरीस जाळं ओढनं सोपं."

यातूनच काकांना ती युक्ती सुचली. जाळं ओढताना हात सोलपटतात, थंडीत कुडकुडायला होतं, पोटातलं सगळं बाहेर येतं, तरी बोट सोडून कोणी पळत नाही. का पळत नाही? समुद्र असतो म्हणून नव्हे. नारळ घेतलेला असतो म्हणून.

खालच्या आळीची रीत अशी की हंगामाच्या आधी नाखवा देवळासमोर खलाशाच्या हातात नारळ ठेवतो. नारळ घेतला की तो माणूस त्या नाखव्याचा. मग त्यानं दुसऱ्याच्या बोटीत पाय ठेवायचा नाही आणि मुदत संपेपर्यंत काम सोडायचं नाही. नारळ घेऊन पळालेल्या माणसाला आळीत कोणी उभं करत नाही, त्याचं लग्नसुद्धा अडतं. पूर्वी माणसं बोटीवरून बोटीवर उड्या मारायची, त्यावर जुन्या लोकांनी काढलेला हा तोडगा. नाखवे जुलैच्या शेवटी नारळ द्यायला निघतात. कमलाकांतकाका जुलैच्या सुरुवातीलाच केळव्याला गेले, वाडीतून गोणभर नारळ घेऊन टमटमनं घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर उभे राहिले. मुदत त्यांनी मोठ्यानं सांगितली: नारळी पौर्णिमेपर्यंत.

पोरांनी नारळ का घेतला, हा प्रश्न नंतर पुष्कळांनी विचारला. ती काही भोळी नव्हती. पण रीतीचं एक शेपूट काका विसरले होते आणि हितेश विसरला नव्हता. नारळ दिलेल्या दिवसापासून दुपारचं जेवण मालकाच्या घरी.

त्याच दिवशी भर दुपारी वत्सलाकाकी सुकट निवडून उठल्या आणि ओटीवर आल्या, तर तिथे भिंतीला पाठ लावून आळीतले सगळे तरुण मांडी घालून बसलेले. पुढे जागा मोकळी सोडलेली, ताटापुरती.

"काय रे, कोण गेलं?" काकींनी घाबरून विचारलं.

"कोण नाय गेलं, आजी," हितेश म्हणाला. "आमी नारळ घेतलाय."

काकींना सगळं कळायला वेळ लागला नाही, कारण त्यांचा बाप नाखवा होता. त्यांनी आत जाऊन नवऱ्याला जे ऐकवलं ते ओटीवर सगळ्यांना ऐकू गेलं. पोरांनी शहाणपणानं माना खाली घातल्या. पण रीत ती रीत. काकींनी मोठं पातेलं काढलं, भात टाकला, सुकटीचं कालवण केलं, तेही असं की हितेशनं चौथ्यांदा भात मागितला. काकींच्या हाताला आळीत तोड नव्हती. काका मात्र त्या दिवशीही बसून जेवले नाहीत. ते पंगतीच्या पुढून येरझारा घालत होते आणि प्रत्येक पोराचे ओठ निरखून पाहत होते.

जेवण झालं की सराव. पळून जायची सोय नाही आणि पोट भरलेलं, त्यामुळे पोरं फुंकायला लागली. पहिला आठवडा आळीतली तान्ही मुलं दुपारची झोपलीच नाहीत. म्हाताऱ्या माणसांनी कानात कापूस घातला. पण हळूहळू त्या किंचाळ्यांमधून सूर निघायला लागला. ड्रमवर हात बसले. हितेश बिगुलाची ती जुनी चढती धून शेवटपर्यंत नेऊ लागला आणि वरचा सूर लागला की स्वतःच दचकून हसायचा. काका त्या वेळी तोंड फिरवून शेवग्याच्या झाडाकडे बघत उभे राहायचे. त्यांना वाटायचं, आता मेलो तरी चालेल; मग लगेच वाटायचं, नको, पौर्णिमा झाल्यावर.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एरवी बंदी उठते आणि पौर्णिमा येते यांत फार अंतर नसतं. म्हणून काकांच्या डोक्यात हिशेब साधा होता: पौर्णिमा झाली की बोटी सुटणार, तोवर पोरं माझी. पण यंदा अधिक महिना आला होता. ज्येष्ठ दोनदा झाला आणि पौर्णिमा ऑगस्टच्या पार शेवटाला जाऊन बसली. बंदी मात्र सरकारची, ती अधिक महिना मानत नाही. जुलैबरोबर ती उठणार होती. ही गोष्ट आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. फक्त कमलाकांतकाका पोरं जमवायच्या नादात कॅलेंडरकडे फिरकले नव्हते.

जुलैच्या शेवटी कुंदन पिशवीत नारळ घेऊन निघाला आणि आधी हितेशकडे गेला. तो दारात बसून ओठांना खोबरेल चोळत होता.

"नाखवा, मी नारळ घेतलाय," हितेश नम्रपणे म्हणाला.

"कोनाचा?"

"कमलाकांत आजोबांचा."

"त्यांच्याकडं बोट तरी हाय काय?"

"बोट नाय," हितेश म्हणाला. "बिगूल हाय."

कुंदन हसला. मग दुसऱ्या घरी गेला, तिसऱ्या घरी गेला, आणि पिशवीतले सगळे नारळ तसेच घेऊन घरी आला तेव्हा त्याचं हसू संपलं होतं. तोवर बाकीचे नाखवेही आपापल्या पिशव्या घेऊन त्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. आळीतला एकही धडधाकट तरुण मोकळा नव्हता. डोंगराकडच्या गावांतून दरवर्षी माणसं यायची, त्यांना फोन लावले. तिथे भातलावणी चालू होती, आवणी आटोपल्याशिवाय कोणी खाली उतरणार नव्हतं.

बंदी उठली. शेजारच्या गावांच्या बोटी पहाटेच्या भरतीला बाहेर पडल्या. खालच्या आळीच्या बोटी रंगवून, डिझेल भरून, पुढच्या टोकाला झेंडूच्या माळा घालून किनाऱ्याला उभ्या. भरलेला बर्फ वितळून पाणी वाळूवर वाहत होतं, आणि नाखवे त्या पाण्यातून अनवाणी येरझारा घालत होते. पहिली पापलेटं दुसऱ्यांची आली. आळीतल्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन शेजारच्या गावाच्या लिलावात मागे उभ्या राहिल्या आणि घरी येऊन त्यांनी नवऱ्यांना जेवायला वाढलं नाही. आणि या सगळ्यावर, दुपार झाली की कमलाकांतकाकांच्या अंगणातून ती चढती धून यायची, रोज आदल्या दिवसापेक्षा सुरेल. ती ऐकली की कुंदनचं डोकं तापायचं.

शेवटी देवळात बैठक बसली. गोमाबाबा मधोमध. कुंदन उभा राहून तावातावानं बोलला. नारळ हा बोटीसाठी असतो, वाजवण्यासाठी नसतो. असं चाललं तर उद्या भजनी मंडळ नारळ देईल, परवा क्रिकेटवाले देतील. आळीनं खायचं काय? सगळ्या नाखव्यांनी माना हलवल्या. मग गोमाबाबांनी काकांना विचारलं, त्यांचं काय म्हणणं. काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. त्यांना पौर्णिमेची तारीख तिथेच, त्याच बैठकीत कळली होती.

"चूक झाली," ते म्हणाले. "पन नारळ दिलाय."

आता निवाडा गोमाबाबांचा. काही लोक नंतर म्हणाले की ढोल त्यांच्याच गळ्यात, ते दुसरं काय सांगणार. पण निवाडा त्यांनी सरळ दिला. नारळ देताना देवळासमोर मुदत सांगितली होती का? सांगितली होती. पोरांनी हातात घेतला का? घेतला. मग तो बोटीचा की बिगुलाचा हे बघायचं कारण नाही. पोरं पौर्णिमेपर्यंत कमलाकांतची. ज्याला आपला खलाशी परत हवा त्यानं कमलाकांतकडे जाऊन सुटका मागावी, आणि रीतीप्रमाणे बदली माणूस द्यावा.

 बदलीचं कलम जुनं होतं, पण होतं. दुसऱ्याचा माणूस न्यायचा तर त्याच्या जागी आपला माणूस उभा करायचा.

"मानूस कुठून देऊ, बाबा?" कुंदन म्हणाला. "आळीत बोटीवर न जानारा आता हाय कोन?"

 गोमाबाबांनी नुसतं कुंदनकडे पाहिलं, आधी तोंडाकडे, मग सावकाश खाली पोटाकडे. मग शेजारच्या नाखव्याकडे, मग त्याच्या शेजारच्या. नाखवे किनाऱ्यावरच असतात. लिलाव करतात, फोनवर बोलतात, संध्याकाळी पत्ते खेळतात. बोटीवर न जाणारे धडधाकट पुरुष आळीत तेच होते.

तरीही काका नाही म्हणू शकले असते. सुटका द्यायची की नाही हे देणाऱ्यावर असतं. त्या रात्री ते अंगणात फेऱ्या मारत राहिले. डीजे हरला होता, पथकात तरुण होते, धून बसली होती. एवढी वर्षं जे मागितलं ते सगळं हातात आलं होतं, आणि ते फक्त पौर्णिमेपर्यंत धरून ठेवायचं होतं. वत्सलाकाकी पायरीवर येऊन बसल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे काकांना जास्त भीती वाटली.

"हितेशची आई आज माझ्याकडं मीठ-मिरची मागाला आली व्हती," त्या म्हणाल्या. "मासा नाय मागितला. भाकरीला लावाला मीठ-मिरची मागितली."

काकांनी फेऱ्या थांबवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी पोरांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून, सुटलास, असं सांगितलं.  हितेशपाशी आले तेव्हा त्यांना रडू आलं, आणि सगळ्यांसमोर आलं याची लाज वाटून ते आणखीच रडले.  हितेशनं बिगूल शर्टाच्या टोकानं पुसला, त्यांच्या हातात दिला आणि किनाऱ्याकडे निघून गेला. संध्याकाळच्या भरतीला बोटी सुटल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणात नाखवे आले. अर्ध्या पँटी, गळ्यात सोन्याच्या चेनी, हातात मोबाइल. येऊन ते वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे एका कोपऱ्यात उभे राहिले. काकांना त्यांच्याकडे बघवेना. पण बदली माणूस म्हणून आलाय तर शिकवायला हवं. त्यांनी कुंदनच्या हातात हितेशचा बिगूल दिला.

कुंदननं गाल फुगवून फुंकलं. बिगुलातून काहीच आलं नाही. शेजारच्या नाखव्यानं मात्र वास आल्यासारखं नाक मुरडलं आणि सगळे हसले. कुंदनच्या दोन बोटी होत्या, बोईसरला फ्लॅट होता, तालुक्यात त्याचा शब्द चालायचा. त्याला असं कोणी हसलं नव्हतं. त्यानं पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं, डोळे पांढरे झाले, कानामागची शीर ताठ झाली, आणि अखेर रेड्याच्या हंबरण्यासारखा एक आवाज निघाला. तो आवाज निघाल्यावर कुंदन बिगुलाकडे बघतच राहिला.

चार दिवस नाखवे नियमाप्रमाणे आले आणि घड्याळ बघत गेले. जेवायला बसायची त्यांना लाज वाटत होती. पाचव्या दिवशी कालवणाचा वास असा सुटला की बसले. त्यानंतर वेळेआधीच यायला लागले. लिलावाचे फोन आले की म्हणायचे, मीटिंगमध्ये हाय, नंतर बोलतो. एकानं ड्रमच्या काड्या रिक्षातसुद्धा बरोबर ठेवल्या आणि पालघरला बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीवर ताल धरला, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. कुंदनची मुलगी उन्नती पालघरच्या कॉलेजात शिकायची. तिनं मैत्रिणींना सांगितलं की बाबा बाथरूममध्ये तासभर असतात आणि आतून म्हशी ओरडतात. सुधारणा म्हणाल तर फार नव्हती. त्यांचा उत्साह मात्र काकांना आवरेना.

पौर्णिमेला बोटी किनाऱ्याला आल्या. आळीतली पोरं हंगामाची काळी पडलेली तोंडं घेऊन रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली. मानाचा नारळ देवळातून निघाला आणि त्याच्या पुढे निळ्या टोप्या घातलेलं पथक. सगळ्या टोप्या लहान होत होत्या, सगळ्या शर्टांची पोटावरची बटणं ताणलेली. पहिल्याच वळणावर कुंदनचा वरचा सूर फाटला. रस्ता नुसता हसून लोळला. पोरांनी मोबाइल काढले. उन्नती बापाच्या पुढे उलटी चालत त्याचा व्हिडिओ काढत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पण पथक थांबलं नाही. नाखव्यांना गेल्या वर्षीचं डबकं आठवत होतं आणि भरतीची वेळ त्यांच्याएवढी कोणाला कळत नाही. ते घामानं निथळत, लाल होत, धापा टाकत, बेसूर वाजवत तसेच पुढे गेले. गोमाबाबा दमले तेव्हा दोन नाखव्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी ढोलासकट उचललं आणि बाबा वरूनच वाजवत राहिले. मिरवणूक किनाऱ्यावर पोचली तेव्हा पाणी पायऱ्यांपर्यंत चढलेलं होतं. नारळ भरल्या समुद्रात गेला. बायकांनी हात जोडले. कमलाकांतकाकांनी टोपी काढली आणि ते इतका वेळ तसेच उभे राहिले की लाटेनं त्यांची चप्पल नेली.

झालं असं की, त्या मिरवणुकीनं जे केलं ते काकांच्या बिगुलाला एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं. आपल्या बापाला नाहीतर नाखव्याला असं वाजवताना बघून आळीतल्या प्रत्येक पोराला आणि पोरीला एकच गोष्ट पटली, की यापेक्षा आपण बरं वाजवू. हितेशचं तर पित्त खवळलं होतं. ती धून त्याची होती, ती त्यानं ओठ सुजवून बसवली होती, आणि नाखव्यानं तिचं भर रस्त्यात मातेरं केलं होतं. उन्नतीनं टाकलेला व्हिडिओ कॉलेजात सगळ्यांनी पाहिला होता.

दोन दिवसांनी दुपारी बोटी किनाऱ्यालाच होत्या तेव्हा काकांच्या फाटकाशी घोळका जमला. पुढे हितेश, त्याच्या मागे बोटीवरची सगळी पोरं, आणि बाजूला उन्नती आपल्या मैत्रिणींना घेऊन, त्यांतल्या काही थेट पालघरहून आलेल्या. नारळ कोणी मागितला नाही, जेवण मागितलं नाही. त्यांना बिगूल हवे होते.

 काका लगबगीनं अंगणात वळले. तिथे शेवग्याखाली सगळे नाखवे नेहमीप्रमाणे बसले होते, बिगूल मांडीवर, ड्रम पायाशी.

"कुंदन, पौर्णिमा झाली," काका म्हणाले. "मुदत संपली. तू सुटलास. दे तो इकडं."

कुंदननं बिगूल दोन्ही हातांनी छातीशी धरला. बाकीच्या नाखव्यांनीही आपापली वाद्यं जरा जवळ ओढली.

"मी कुठं सुटका मागितली?" कुंदन म्हणाला. मग त्यानं फाटकाकडे एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि खुर्ची काकांच्या जवळ सरकवली. "काका, त्या वरच्या सुरापाशी माझा वारा संपतो. रोज तिथंच संपतो. माझं काय चुकतंय, तेवढं सांगा ना."

 पोरं काकांनी ओढून आणली होती, बांधून घातली होती, जेवू घालून बसवली होती. पण माझं काय चुकतंय, असं त्यांना आजवर एकानंही विचारलं नव्हतं.  ते कुंदनसमोर बसले, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले की वारा गालातून नाही, इथून काढायचा, आणि इथे तर जागा रग्गड आहे.

फाटकाशी चुळबुळ वाढली. हितेश एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. उन्नतीला राहवेना.

"आजोबा," तिनं हाक मारली, "आमाला पथकात कवा घेनार?"

कमलाकांतकाकांनी कुंदनच्या पोटावरचा हात काढला नाही. त्यांनी मान तेवढी वळवली.

"पुढल्या वर्षी बघू," ते म्हणाले. "सध्या जागा नाय."

आणि हे बोलताना त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हटलं.